घड्याळात मागे, निकालात पुढे: पॅरासायकलिंगमधले वर्गीकरण कितपत न्याय्य?

खानापूर तालुक्यातून, नंदगडच्या बाजूने, एका काकांनी प्रश्न विचारला आहे. त्यांच्या पुतण्याचा डावा पाय उसाच्या ट्रॉलीखाली सापडून गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय लावून तो सायकल चालवतो आणि पहिल्याच राष्ट्रीय स्पर्धेत त्याला सी४ (दोनचाकीच्या सी१ ते सी५ वर्गांतला, कमी बाधेकडचा) हा वर्ग मिळाला. टाइम ट्रायलमध्ये, म्हणजे एकेकट्याने घड्याळाविरुद्ध धावायच्या शर्यतीत, ज्या मुलाच्या मागे त्याचा क्रमांक लागला, त्याचे दोन्ही पाय शाबूत आहेत, तो ‘नुसता जरा लंगडतो’. पुतण्याच्या दाखल्यावर ६० टक्के अपंगत्व आहे, त्या मुलाच्या दाखल्यावर ५० टक्केच. आणि सगळ्यांत खुपलेली गोष्ट अशी की घड्याळात त्या मुलाला पुतण्यापेक्षा जास्त वेळ लागला होता, तरीही निकालात तो वर आला. हा अन्याय आहे की नाही, आणि असल्यास दाद कुठे मागायची, असे काका विचारतात.

मी बेळगावात फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करतो आणि पॅरासायकलिंगच्या, म्हणजे दिव्यांगांच्या सायकलिंगच्या, राष्ट्रीय स्पर्धांत बाधेनुसार खेळाडूंचे वर्ग ठरवणाऱ्या पॅनेलवर बसलेलो आहे. त्या दुसऱ्या मुलाला मी तपासलेले नाही, त्यामुळे त्याच्याविषयी निवाडा देणार नाही. परंतु पत्रातल्या चारही तक्रारींमागे वर्गीकरणाविषयीचे एकेक मूलभूत गैरसमज आहेत, आणि ते आपल्या भागात फार सरसकट दिसतात, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी टक्केवारीचे पाहू. जिल्हा रुग्णालयातून मिळणारा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचे ओळखपत्र) हे २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याखाली दिले जाते. त्या कायद्यात २१ प्रकारच्या दिव्यांगता आहेत आणि आरक्षण, बसपास, पेन्शन यांसाठी साधारणपणे ४० टक्क्यांची रेषा धरली जाते. ही टक्केवारी माणसाच्या एकंदर जगण्यात किती अडचण येते याचा अंदाज असते. सायकलीच्या वर्गाशी तिचा संबंध नाही. कडबाकुट्टीत किंवा गुऱ्हाळाच्या चरकात कोपराखाली हात गेलेली माणसे आपल्याकडे गावोगाव आहेत. दाखल्यावर त्यांची टक्केवारी गुडघ्याखाली पाय गेलेल्यांच्या बरोबरीची, कित्येकदा त्याहून जास्तही असते, कारण शेतात आणि घरात हात अधिक लागतो. सायकलीवर मात्र एक हात गेलेला खेळाडू सी५ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी बाधेच्या वर्गात येतो, आणि गुडघ्याखाली एक पाय गेलेला सी४ मध्ये. म्हणून ‘साठवाला आणि पन्नासवाला एकत्र कसे’ हा प्रश्न वर्गीकरणाच्या खोलीत उद्भवतच नाही. तो कागद तिथे फार तर ओळखीपुरता उपयोगी पडतो.

वर्ग ठरवताना पॅनेल एकच गोष्ट शोधत असते: या खेळाडूच्या शरीरातली कायमस्वरूपी बाधा त्याच्या सायकल चालवण्यातून नेमके किती हिरावून घेते? कुस्तीचा वजनगट ठरवायला काटा पुरतो, आनंदवाडीच्या आखाड्यात पैलवान काट्यावर उभा राहिला की वाद संपतो. इथे तसा काटा नाही, आणि सगळ्या वादांचे मूळ तिथेच आहे.

व्यवस्थेची ओळख थोडक्यात करून देतो. २००७ पासून पॅरासायकलिंगचा कारभार यूसीआयकडे, म्हणजे आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेकडे आहे. साध्या दोनचाकी सायकलीसाठी सी१ ते सी५, तोल सांभाळता न येणाऱ्यांच्या तीनचाकीसाठी टी१ आणि टी२, हाताने चालवायच्या हँडसायकलसाठी एच१ ते एच५, आणि दृष्टिबाधितांसाठी डोळस साथीदारासह चालवायची टँडम, असे चार विभाग आहेत. आकडा जितका लहान, तितकी बाधा अधिक. ट्रॅकवर फक्त सी विभाग आणि टँडम धावतात. बाकीच्यांच्या स्पर्धा रस्त्यावर होतात. स्नायूंची ताकद कमी असणे, अवयव नसणे, पायांच्या लांबीत फरक असणे, सांधा पुरेसा न वळणे, स्नायू ताठरणे, हालचालींचा ताळमेळ बिघडणे आणि अनैच्छिक हालचाली होणे, एवढ्याच शारीरिक बाधा ग्राह्य आहेत आणि त्यांचीही किमान मर्यादा गाठावी लागते. नुसते दुखणे, दम लागणे किंवा लवकर थकणे यांत बसत नाही. त्रास खरा असला, तरी माणूस पात्र ठरत नाही, आणि हे सांगणे पॅनेलवरच्या कोणालाही आवडत नाही.

आता पुतण्याच्या पायाकडे वळू. पायडल खाली दाबण्याची मुख्य ताकद नितंबाच्या आणि मांडीच्या पुढच्या स्नायूंतून येते. पोटरी आणि घोटा यांचे काम बरेचसे ती ताकद पायडलपर्यंत पोहोचवण्याचे आणि पायडल सर्वांत खाली आल्यावर पाऊल सफाईने मागे ओढून नेण्याचे असते. गुडघा शाबूत असेल, स्टंप (कापल्यावर उरलेला पायाचा भाग) पुरेसा लांब असेल आणि सॉकेट (कृत्रिम पायाची, स्टंप आत बसणारी खोबण) नीट बसले असेल, तर कृत्रिम पायाच्या तळाला क्लीट, म्हणजे पायडलला अडकणारी खाच, बसवून खेळाडू दोन्ही बाजूंनी जोर लावू शकतो. जो तोटा होतो तो घोट्याच्या लवचिकतेचा, स्टंपवर येणाऱ्या दाबाचा आणि उभे राहून चढ चढताना लागणाऱ्या तोलाचा. मांडीतून पाय गेला की मात्र चित्र पालटते. गुडघा सरळ करणारे स्नायूच कामातून जातात, कृत्रिम गुडघा पायडल दाबत नाही, आणि बहुतेक खेळाडू कृत्रिम पाय काढून एकाच पायाने सायकल चालवतात. असा खेळाडू सी२ मध्ये येतो. पायडल वर आणि खाली पोहोचण्याच्या क्षणी त्याच्या बाजूने जोर लावायला कोणीच नसते, ती पोकळी त्याला प्रत्येक फेऱ्यात वेगाच्या जोरावर पार करावी लागते. स्टंप टेकवण्यासाठी सायकलीवर आधार लावता येतो, पण तो उघड्या अर्धनळीसारखा असावा लागतो, मांडी त्यात पट्ट्याने बांधता येत नाही. पडल्यावर सुटका व्हावी हा त्यातला एक हेतू, आणि बांधलेल्या मांडीने सायकलीवर जादा जोर लावता येऊ नये हा दुसरा.

म्हणजे दोघांचाही ‘एक पाय गेला’ असे आपण गावात म्हणतो, पण सायकलीवर त्यांच्यात दोन वर्गांचे अंतर पडते. सी४ हा वर्ग पुतण्याला कमी लेखून दिलेला नाही. पत्रात लिहिलेली शस्त्रक्रिया पाहता तो अपेक्षित वर्ग आहे.

राहिला तो ‘दोन्ही पाय शाबूत’ असलेला मुलगा. प्रेक्षकांचा राग नेहमी अशाच खेळाडूंवर निघतो, कारण त्यांची बाधा डोळ्यांना दिसत नाही. जन्माच्या वेळी मेंदूला इजा होऊन शरीराची एक बाजू आखडलेली असेल, डोक्याला मार लागून हालचालींचा ताळमेळ गेला असेल, किंवा मणक्याच्या दुखापतीतून अर्धवट सावरलेला माणूस असेल, तर पाय जागेवर असतो पण हुकूम मानत नाही. तपासणीच्या टेबलावर अशा खेळाडूला उताणे झोपवून एका पायाची टाच दुसऱ्या पायाच्या नडगीवर गुडघ्यापासून घोट्यापर्यंत सरळ घसरवायला सांगतात. निरोगी माणसाची टाच रेघ ओढल्यासारखी खाली जाते. याची टाच नडगीवरून बाहेर घसरते, परत येते, पुन्हा चुकते; वेग वाढवायला सांगितले की आणखी बिघडते. मग तपासणारा त्याचा गुडघा हळू आणि नंतर झटक्याने वाकवून पाहतो. हळू वाकवताना काही जाणवत नाही, झटका दिला की मध्येच स्नायू अडून बसतो. तो अडथळा किती कडक आहे, याची ० ते ४ अशी श्रेणी असते. हाच स्नायू सायकलीवर मिनिटाला नव्वद फेरे मारताना दर फेऱ्यात चुकीच्या क्षणी आवळतो, म्हणजे चांगल्या पायाने कमावलेला जोर हा पाय खातो. थंडीत आणि थकव्यात ताठरता वाढते. स्पर्धेनंतर तो मुलगा चालताना नुसता लंगडताना दिसला असेल, पण चालणे मंद आणि परिचित असते, आणि लंगडण्यावरून पायडलचा अंदाज बांधता येत नाही.

तपासणीचा दुसरा भाग स्नायूंच्या ताकदीचा. त्यात ० ते ५ अशी पट्टी आहे: ० म्हणजे हालचालच नाही, ३ म्हणजे गुरुत्वाकर्षणाविरुद्ध अवयव उचलता येतो पण वर कोणी दाबले तर टिकत नाही, ५ म्हणजे पूर्ण ताकद. पोलिओ झालेल्या जुन्या पिढीच्या खेळाडूंचे वर्ग बव्हंशी याच पट्टीवर ठरतात. यातली ४ ही श्रेणी सर्वांत भांडणाची आहे. ‘दाब सहन होतो, पण पूर्ण नाही’ ही तिची व्याख्या, आणि दाबणाऱ्याच्या हातात किती जोर आहे यावर ती थोडीफार अवलंबून राहते, हे मान्य केलेच पाहिजे. म्हणूनच पॅनेलवर एकटा माणूस बसत नाही. वैद्यकीय बाजू तपासणारा आणि सायकलिंग जाणणारा तांत्रिक क्लासिफायर (वर्ग ठरवणारा) असे दोघे तरी लागतात. टेबलानंतर खेळाडूला त्याच्याच सायकलीवर बसवून पाहतात, आणि त्यानंतर प्रत्यक्ष शर्यतीत त्याच्यावर नजर ठेवतात. टेबलावर गुडघा वाकत नाही म्हणणारा खेळाडू चढावर उभा राहून दणादण पायडल मारू लागला, तर वर्ग तिथेच फेरविचारात जातो. माझ्या मते शर्यतीतले हे निरीक्षण टेबलाइतकेच मोलाचे आहे, आणि आपल्या देशांतर्गत स्पर्धांत मनुष्यबळाअभावी नेमके तेच उरकले जाते.

काकांच्या चौथ्या तक्रारीचे उत्तर त्यांच्या पत्रातच दडलेले आहे. घड्याळात जास्त वेळ लागूनही तो मुलगा वर आला, याचा सरळ अर्थ असा की ती एकाच वर्गाची शर्यत नव्हती. खेळाडू थोडे असले की आयोजक दोन-तीन वर्ग एकत्र करतात आणि टाइम ट्रायलमध्ये प्रत्येक वर्गाच्या वेळेला ठरलेला गुणक लावतात. समजा, वरच्या, म्हणजे कमी बाधेच्या वर्गाचा गुणक १०० टक्के आणि खालच्याचा ९५ टक्के आहे. खालच्या वर्गाच्या खेळाडूला प्रत्यक्षात २१ मिनिटे लागली, तर निकालासाठी त्याची वेळ १९ मिनिटे ५७ सेकंद धरली जाते, आणि वरच्या वर्गातला २० मिनिटांत आलेला खेळाडू ३ सेकंदांनी मागे पडतो. हे आकडे समजण्यापुरते घेतले आहेत. निकालपत्रकावर खेळाडूच्या नावापुढे त्याचा वर्ग आणि दोन्ही वेळा छापलेल्या असायला हव्यात. काकांनी ते पत्रक पुन्हा पाहावे. बहुधा त्या मुलाच्या नावापुढे सी४ नसून त्याखालचा वर्ग दिसेल. मोठ्या स्पर्धाही याच पद्धतीने चालतात. २०२४ च्या पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये महाराष्ट्राची ज्योती गडेरिया आणि आंध्र प्रदेशचा अर्शद शेख हे भारताचे पहिले पॅरासायकलपटू उतरले, तेही बहुतांशी सी१ ते सी३ अशा एकत्रित प्रकारांत. रोड रेसमध्ये मात्र गुणक नसतो. वर्ग एकत्र केलेले असले तरी जो आधी रेषा ओलांडेल तो जिंकतो, कारण एकमेकांच्या मागे लपून वारा चुकवत चालणाऱ्या शर्यतीला वेळेचा गुणक लावताच येत नाही.

खरा अन्याय शोधायचाच असेल, तर तो मी इथे शोधेन. गुणक प्रत्येक वर्गातल्या उत्तम खेळाडूंच्या कामगिरीवरून काढलेला असतो, पण रस्ता कसा आहे हे त्याला ठाऊक नसते. सांबऱ्याच्या सपाट रस्त्यावर एका पायाच्या खेळाडूचा जितका तोटा होतो, त्याच्या कितीतरी जास्त तो जांबोटीवरून चोर्ल्याकडे जाणाऱ्या चढउतारावर होतो, कारण चढावर वेग घटला की ती मघाची पोकळी पार करणे अवघड होते. उलट हात नसलेल्या खेळाडूला उतारावरची वळणे आणि ब्रेक यांत अधिक गमवावे लागते. सगळ्या मार्गांना एकच आकडा लावणे ही सोय आहे, पूर्ण न्याय नव्हे.

दुसरी उणीव वर्गांच्या रुंदीची. बाधा ही सलग असते आणि वर्ग मात्र पाचच. सी४ च्या खालच्या काठावर असलेला आणि वरच्या काठावर असलेला यांच्यात जाणवण्याजोगा फरक राहतो, आणि काठावरच्या खेळाडूला एका श्रेणीच्या फरकाने सी३ मिळाला तर पदक, सी४ मिळाला तर दहावा क्रमांक, अशी अवस्था होते. वर्ग वाढवावेत तर प्रत्येक वर्गात दोनच खेळाडू उरतील आणि शर्यतीला अर्थ राहणार नाही. शिवाय वर्गीकरण पैशाचा फरक मिटवत नाही. हलका कार्बनचा पाय आणि चांगली टाइम ट्रायलची सायकल परवडणारा मुलगा आणि जयपूर फूटवर गाववाल्यांच्या वर्गणीतून घेतलेली सायकल चालवणारा मुलगा एकाच वर्गात धावतात. ही तक्रार रास्त आहे, फक्त ती पॅनेलपुढे मांडण्याची नाही, क्रीडा खात्यापुढे मांडण्याची आहे.

सरावाविषयीही एक गोष्ट सांगतो, कारण ती पालकांना खटकते. मेहनत करणाऱ्याला वरच्या वर्गात ढकलले जाऊ नये, हे वर्गीकरणाचे मूळ तत्त्व आहे. वेग, दमसास आणि कौशल्य ही खेळाडूची कमाई आहे, ती मोजायची नसते. स्नायूंची ताकद तपासताना हे तत्त्व पाळणे अवघड जाते, कारण अर्धवट दुबळा स्नायू व्यायामाने काही प्रमाणात सुधारतो. अवयव नसलेल्यांचा हा प्रश्न नाही. पुतण्याने कितीही सराव केला तरी त्याचा वर्ग त्यामुळे बदलणार नाही, आणि तो मुलगा जिंकला म्हणून त्याचाही बदलणार नाही. ‘तो फार वेगात जातो’ हा पुरावा कोणतेही पॅनेल स्वीकारत नाही.

दाद मागण्याचा मार्ग ठरलेला आहे. खेळाडू किंवा त्याचे नातेवाईक दुसऱ्याच्या वर्गाविरुद्ध थेट आक्षेप घेऊ शकत नाहीत. आंतरराष्ट्रीय स्पर्धेत राष्ट्रीय संघटनेमार्फत जायचे असते आणि देशातल्या स्पर्धेत राज्य संघाच्या व्यवस्थापकामार्फत जायचे असते, वर्ग जाहीर झाल्यानंतर ठरलेल्या वेळेच्या आत, शुल्क भरून आणि कारणे लिहून. आक्षेप मान्य झाला तर दुसरे पॅनेल नव्याने तपासते. वर्गापुढे ‘पुनर्तपासणी’चा दर्जा असेल, तर आक्षेपाला वाव असतो आणि पुढची तपासणीही ठरलेली असते, ‘निश्चित’ दर्जा मिळाला की तो वर्ग सहसा उघडला जात नाही. पुतण्याची बाधा स्थिर आहे, त्यामुळे त्याला निश्चित दर्जा लवकर मिळायला हरकत नाही.

तपासणीत मुद्दाम कमी जोर लावण्याचा सल्ला कोणी देत असेल, आणि देणारे असतात, तर त्याला दारातूनच परत पाठवावे. खेळाडू बूट कसा काढतो, पिशवी कशी उचलतो, टेबलावर कसा चढतो हे पॅनेल पाहत असते. सहकार्य केले नाही तर तपासणी ‘अपूर्ण’ ठरून खेळताच येत नाही, आणि जाणूनबुजून फसवल्याचे सिद्ध झाल्यास पहिल्याच वेळी चार वर्षांपर्यंत बंदी येऊ शकते. २०२१ मध्ये टोकियो पॅरालिम्पिकमध्ये भारताच्या एका थाळीफेकपटूने मिळवलेले कांस्यपदक वर्गीकरणाच्या फेरतपासणीनंतर गेले आणि पुढे त्याच्यावर बंदीही आली, हे आपल्याकडच्या प्रत्येक प्रशिक्षकाने लक्षात ठेवावे.

आपल्या भागातली खरी अडचण कागदांची असते. शस्त्रक्रिया मिरजेत किंवा कोल्हापुरात झालेली, दाखला कन्नडमध्ये, डिस्चार्ज कार्डावरचे हस्ताक्षर लागत नाही, आणि एक्स-रे पावसाळ्यात एकमेकांना चिकटून गेलेले. राष्ट्रीय तपासणीत एक वेळ निभावते, पण आंतरराष्ट्रीय तपासणीसाठी वैद्यकीय माहितीचा अर्ज इंग्रजीत, डॉक्टरांच्या सही-शिक्क्यासह आणि वेळेआधी पोहोचावा लागतो, नाहीतर तपासणीच होत नाही. म्हणून पुतण्यासाठी आत्ताच एवढे करावे. ज्यांनी शस्त्रक्रिया केली त्यांच्याकडून पाय कोणत्या पातळीवर कापला आणि गुडघ्याची स्थिती काय आहे, याचे इंग्रजीतले टंकलिखित पत्र घ्यावे; कन्नड कागदांचे प्रमाणित भाषांतर करून ठेवावे; स्टंपचा नवा एक्स-रे काढावा. तपासणीला जाताना स्पर्धेत वापरायची तीच सायकल, तोच कृत्रिम पाय, तेच बूट न्यावेत आणि चालू औषधांची यादी सोबत ठेवावी. खेळाडूला हिंदी-इंग्रजी अवघड जात असेल, तर मराठी किंवा कन्नड जाणणारा एक माणूस आत नेता येतो. त्याने फक्त भाषांतर करायचे असते, उत्तरे द्यायची नसतात.

आणि पुढच्या मोसमात सॉकेट बदलले, गुडघ्यावर किंवा स्टंपवर पुन्हा शस्त्रक्रिया झाली, किंवा सायकलीला कुठला जादा आधार लावला, तर ते संघटनेला लेखी कळवण्याची जबाबदारी खेळाडूची आहे. पुतण्या या पावसाळ्यात नवे सॉकेट घेणार असल्याचे पत्रात लिहिले आहे, तर त्याची पावती आणि बसवणाऱ्या तंत्रज्ञाचे पत्र याच फायलीत लावून ठेवावे.